वयात आलेल्या पेशी

माझं केस कापायचं दुकान आहे, आणि या धंद्यात एक मोठी सोय आहे. गिऱ्हाईक एकदा गळ्याभोवती कापड बांधून खुर्चीत बसलं की त्याला उठून जाता येत नाही. मान हलवायचीही चोरी. त्यामुळे आमच्या भागातल्या झाडून सगळ्या पुरुषांनी माझ्या लेकीचं कौतुक ऐकलेलं आहे. दाट केसवाल्यांनी जास्त, टक्कलवाल्यांनी जरा कमी.

लेकीचं घरातलं नाव भिंगरी. लहानपणी एका जागी म्हणून ठरायची नाही. जेवतानाही उभी. ती डॉक्टर झाली तेव्हा मला वाटलं, आता ही दवाखानाभर पळत राहील. तर पुढचं शिक्षण तिने असं निवडलं की दिवसभर एका स्टुलावर बसून मायक्रोस्कोपमध्ये डोळा घालायचा. रोगी बघायचे नाहीत, रोग्यांचं रक्त बघायचं. काचेच्या पट्टीवर थेंब पसरायचा, रंग चढवायचा, आणि त्यातल्या पेशी एकेक करून निरखायच्या. तिची आई म्हणाली, "भिंगरीची भिंगवाली झाली!"

आता हे गिऱ्हाइकाला सांगायचं म्हणजे पंचाईत.

"मग तुमची मुलगी औषध काय देते?"

"औषध देत नाही."

"ऑपरेशन करते?"

"नाही."

"मग करते तरी काय?"

"बघते."

यावर गिऱ्हाईक आरशातून माझ्याकडे बघायचं, आणि मी कात्री जरा जोरात वाजवायचो. माझी मेव्हणी तर तोंडावर म्हणायची, "इतकी पुस्तकं वाचून शेवटी काचाच पुसायच्या ना!" मेव्हणी मनाची वाईट नाही, पण तिच्या जिभेला हाड नाही, आणि असतं तरी तिने ते कधी वापरलं नसतं.

आमची ही शहरातली बस चालवते. डेपोत तिला कप्तान म्हणतात. दारात लटकलेला माणूस आत आल्याशिवाय तिची गाडी हलत नाही, मग मागे कितीही हॉर्न वाजोत. आजारपण तिला ठाऊक नाही. ताप आला तर ती तापावर रागावते, आणि तो जातो. म्हणून त्या वर्षी तिच्या दंडावर निळे डाग दिसायला लागले तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही. ती म्हणाली, नव्या बसचा गिअर घट्ट आहे, हात आपटतो. दात घासताना रक्त यायला लागलं, तर ब्रश राठ आहे म्हणाली. पायऱ्या चढताना दम लागायला लागला, तर म्हणाली, "वय झालं. तुझं नाही का झालं?" प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे कारण तयार.

एका सुट्टीच्या दिवशी भिंगरी जेवायला आली होती. जेवणं झाली, ही भांडी घासायला बसली आणि तिने बाह्या वर सारल्या. लेक ताटं उचलत होती. तिने एक ताट जमिनीवर ठेवलं, आईचा हात धरला, उजेडाकडे वळवला. मग आईचा परकर गुडघ्यापर्यंत वर केला. पोटऱ्यांवर बारीक लाल ठिपके होते, टाचणी टोचल्यासारखे.

"आई, हे कधीपासून?"

"असेल आठवडाभर. घामोळं आहे."

"घामोळं नाही हे. चप्पल घाल."

"अगं, भांडी राहिलीत."

"भांडी बाबा घासतील. चप्पल घाल म्हटलं ना."

लेकीचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. कप्तानाचाच होता तो, फक्त दुसऱ्या तोंडून आलेला. ही मुकाट्याने उठली, आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

पुढचं मला मोठ्या सरांनी नंतर सांगितलं. मोठे सर म्हणजे भिंगरीच्या विभागाचे प्रमुख, पांढऱ्या भुवयांचे, फार कमी बोलणारे. भिंगरीने रक्त घेतलं, स्वतः स्लाइड केली, स्वतः बघितली. पण आपल्या माणसाच्या रक्तावर आपणच निकाल द्यायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने ती स्लाइड इतर चार-पाच स्लाइडमध्ये मिसळून, नाव झाकून सरांसमोर ठेवली. सुट्टी असूनही सर आले होते. ते एकेक बघत गेले. साधी, साधी, रक्त कमी, साधी. मग एकीवर थांबले. बराच वेळ डोळा काढला नाही.

"हा रोगी वॉर्डात आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर. खाली बाकावर बसलाय."

"बाकावर? अगं, आधी आत घ्या त्याला. पेशींच्या पोटात काड्या बघ, मोळी बांधल्यासारख्या. दुसरं काय असणार हे? कुणाचा रोगी आहे?"

"माझी आई आहे, सर."

सर म्हणाले, मी इतकी वर्षं या खुर्चीत बसतोय, पण त्या मुलीचा आवाज कापला नाही याचं मला आजही नवल वाटतं.

वॉर्डात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. कामाला चोख. त्यांनी लगेच रक्त गोठवणाऱ्या पेशींच्या पिशव्या मागवल्या, सलाईन लावलं. पण मुख्य औषधाला त्या कचरत होत्या. मी दाराशीच उभा होतो, सगळं ऐकू येत होतं.

"जनुकांची तपासणी पाठवलीय," त्या म्हणाल्या. "दोन दिवसांत येईल. तोवर थांबलेलं बरं. नुसत्या स्लाइडवर इतकं मोठं औषध कसं सुरू करू?"

"मॅडम, या आजारात माणूस जातो तो रक्तस्रावाने, आणि तोही सुरुवातीच्या दिवसांतच," भिंगरी म्हणाली. "गोळी दिली आणि तपासणी उलटी आली, तर गोळी बंद करू. फार बिघडणार नाही. गोळी दिली नाही आणि तपासणी खरी ठरली, तर तो कागद बघायला आई नसेल."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "हे तू मुलगी म्हणून बोलतेयस की डॉक्टर म्हणून?"

"स्लाइड बघितलेली बाई म्हणून बोलतेय. मुलीला बाहेर उभं करून आलेय."

"सरांनी बघितली?"

"नाव न बघता. त्यांनाही तेच वाटलं."

बाईंनी आणखी एक क्षण विचार केला आणि फोन उचलला. औषधं येईपर्यंत त्या स्वतः आमच्या हिच्या खाटेशी थांबल्या, हे मी विसरणार नाही.

गोळ्या आल्या. मऊ, दोन रंगांच्या, दिसायला अगदी शक्तीच्या गोळ्यांसारख्या. लेक म्हणाली, त्या अ जीवनसत्त्वाच्या भाऊबंदांतल्याच आहेत. आमच्या हिने तळहातावर घेऊन बघितल्या. "एवढ्याशा? मला वाटलं, मोठं काहीतरी असेल. भोंगा वाजवत येणारं."

"गिळ, आई."

"गिळते गं. रागावू नको."

मग भिंगरी मला जिन्याजवळच्या खिडकीत घेऊन गेली. तिथे पहिल्यांदा तिने कॅन्सर हा शब्द उच्चारला. मी जिन्याच्या पायरीवर बसलो. ती माझ्या शेजारी बसली. बघ, धीर धर, असलं काही बोलली नाही. मला समजावून सांगायला लागली. तिचा धीर द्यायचा प्रकारच तो.

"बाबा, रक्त हाडांच्या आत तयार होतं, मज्जेत. तिथे मूळ पेशी असतात. त्या सुरुवातीला ना धड लाल, ना धड पांढऱ्या. त्यांची पिलावळ वाढते तशी एकेक पेशी आपापला धंदा धरते. कुणी हवा वाहून नेते, कुणी जखम बुजवते, कुणी जंतू खाते. धंदा एकदा हातात बसला की मग बाकीचं सगळं सुटतं. जंतू खाणारी पेशी उद्या उठून हवा वाहायला जात नाही. शिकली, बाहेर पडली, काम केलं, मेली. निरोगी माणसात हे रात्रंदिवस चालू असतं."

"आणि आईच्यात?"

"आईच्या पांढऱ्या पेशींतली एक जात मध्येच अडकलीय. अंगाने वाढते, संख्येने वाढते, पण शिकायचं ते शिकतच नाही. मज्जेत नुसती जागा अडवून बसते, दुसऱ्यांना वाढू देत नाही. आणि ती फुटली की तिच्या पोटातला माल रक्तात सांडतो, मग रक्त गोठायचं सगळं तंत्र बिघडतं. ते डाग, ते ठिपके त्याचेच."

मी जरा विचार केला. मला माझ्याच धंद्यातलं सुचणार. "म्हणजे अंगाने घोडा झालाय, पण मिसरूड काही फुटत नाही."

त्या दिवसात पहिल्यांदाच ती हसली. हसता हसता तिचे डोळे भरले. "हो, बाबा. अगदी तसंच. वयात यायची जी कळ असते ना पेशीच्या आत, ती गंजून बसलीय. दुसऱ्या बऱ्याच ब्लड कॅन्सरमध्ये अशा पेशींना मारून टाकावं लागतं. या एका आजारात तसं नाही. ही गोळी त्यांना मारत नाही. वयात आणते."

"आणि वयात आल्या की?"

"की आपापलं काम करतील, आणि वेळ झाली की आपापल्या मरणाने मरतील. बाकीच्या पेशी मरतात तशा."

मी तिच्याकडे बघत राहिलो. पायरीवर बसलेली, केस विस्कटलेले, सकाळच्या जेवणाचा डाग ओढणीवर. आणि सख्ख्या आईच्या मरणाशी अशी समोरासमोर बोलत होती. भीती होतीच. पण खोटं कशाला बोलू, त्या भीतीतही माझी छाती फुगली.

डेपोला कळवलं. रक्त गोठवणाऱ्या पेशी लागत होत्या, एक पिशवी संपली की दुसरी. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्तपेढीच्या दाराशी खाकी कपड्यांची रांग लागली. ड्रायव्हर, कंडक्टर, गॅरेजमधले मिस्त्री, हात तेलाने काळे. एका मिस्त्रीला नर्सने विचारलं, तुम्ही त्यांचे कोण? तो म्हणाला, "त्यांच्या गाडीचे ब्रेक मी बघतो." एका कंडक्टरला सुईची इतकी भीती की तो आडवा व्हायच्या आधीच पांढरा पडला, पण मागे फिरला नाही. भिंगरीने वरच्या मजल्यावरून ती रांग बघितली. म्हणाली, "आई घरी कधी सांगत नाही, नाही का? हे एवढे लोक आहेत म्हणून." मी म्हटलं, तुझी आई स्वतःबद्दल बोलते कधी? ती फक्त दुसऱ्यांच्या ड्रायव्हिंगबद्दल बोलते.

जनुकांची तपासणी आली. स्लाइडमध्ये जे दिसलं होतं तेच तिच्यातही निघालं. दोन जागची जनुकं तुटून एकमेकांना चुकीची चिकटली होती, आणि त्या चिकटलेल्या जोडीनेच ती कळ दाबून धरली होती. वॉर्डातल्या बाई कागद घेऊन स्वतः प्रयोगशाळेत आल्या. भिंगरीला म्हणाल्या, "बरं झालं, थांबले नाही."

आता गोळीच्या जोडीला सलाईनमधून दुसरं औषध सुरू झालं. मेव्हणी भेटायला आली होती. तिने नर्सला औषधाचं नाव विचारलं, नर्सने काहीतरी इंग्रजी सांगितलं, म्हणून तिने भाचीला विचारलं. भिंगरी आपली सरळ मनाची. म्हणाली, "मावशी, सोमल आहे."

"सोमल?" मेव्हणी किंचाळलीच. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. "अगं, विष आहे ते! उंदरांना घालतात! आईला सोमल पाजतेस?"

"पाजत नाही, शिरेतून देतोय. तोलून मापून. रोज हृदयाचा आलेख काढून. ते जे चुकीचं चिकटलंय ना, ते सोमल मोडून काढतो. गोळीने कुलूप सैल होतं, आणि याने कुलूपच तुटतं."

मेव्हणीला पटेना. ती बहिणीकडे वळली. "ताई, तू काही बोल की!"

आमची ही उशीला टेकून पडली होती, ओठ कोरडे पडून सोलवटलेले. म्हणाली, "सगळा जन्म डिझेलचा धूर खाल्लाय मी. सोमल काय चीज आहे! तू ते संत्रं सोल आणि गप्प बस."

पण खरी परीक्षा नंतर आली. हिच्या रक्तात पांढऱ्या पेशी सुरुवातीला फार कमी होत्या, बहुतेक मज्जेतच अडकलेल्या. त्या वाढायला लागल्या. रोज वाढायच्या, आणि मग एका दिवशी दुपटीपेक्षा जास्त. त्याच दिवशी दुपारी हिला ताप भरला, चेहरा सुजला, पावलं सुजली, आणि दम असा लागला की बोलता येईना. प्राणवायूचा मास्क लावला. मेव्हणीला आकडे वाचता येत होते. तिने खाटेला अडकवलेला तक्ता बघितला आणि तोंडावर पदर घेतला. "वाढला. रोग वाढला. मी सांगत होते ना, विष आहे म्हणून!"

माझाही धीर सुटला. मी भिंगरीला गाठलं. "बंद कर बाई ती गोळी. आकडा बघितलास का?"

"बघितला, बाबा. आकड्यावरून कळत नाही. आकडा सांगतो किती आहेत, कोण आहेत ते सांगत नाही. मला बघून येऊ दे."

"आई इथे तडफडतेय आणि तू काचा बघायला निघालीस?"

हे माझ्या तोंडून गेलं. तिने ते ऐकलं, आणि तशीच गेली. वॉर्डातल्या बाईंनी तोवर इंजेक्शन भरलं होतं. त्यांनी मला बाजूला केलं आणि ते दिलं. कशाचा दम असावा, ते त्यांनी ताडलं होतं. छातीचा फोटोही काढला. मी खाटेचा दांडा धरून उभा.

भिंगरी परत आली ती जवळजवळ पळत. लहानपणी पळायची तशी. मोठे सर तिच्या मागे, त्यांनाही धाप.

"आई, ऐक," ती खाटेवर वाकली. "तुझ्या पेशी मोठ्या होतायत. मी आत्ता बघितल्या. परवापर्यंत सगळ्या तान्ह्या होत्या. आज अर्ध्या-अधिक वाढलेल्या आहेत. म्हणून आकडा वाढला. रोग नाही वाढला. सगळ्या एकदम वयात आल्यात, हजारोंनी, आणि फुप्फुसात शिरून धिंगाणा घालतायत. त्याचा दम आहे हा. इंजेक्शनने त्या शांत होतील. गोळी थांबवायची वेळ आली तर थांबवू, पण आत्ता नाही."

हिने मास्क जरासा बाजूला केला. शब्द सुटे सुटे आले. "जरा... सावकाश... मोठ्या व्हा म्हणावं."

मोठे सर हसले. त्यांना हसताना बघितलेला विभागात कुणी नाही म्हणतात.

ते दोन-तीन दिवस कसे गेले ते आम्हालाच माहीत. डॉक्टरीणबाई तासातासाला यायच्या, वजन बघायच्या, लघवी मोजायच्या, छाती तपासायच्या. मग सूज ओसरली. ताप गेला. एका सकाळी मी गेलो तर मास्क खुंटीला टांगलेला आणि ही खाटेवर मांडी घालून बसलेली, नर्सला रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरबद्दल तक्रार सांगत. खिडकीतून दिसतं म्हणे, तो वळणावर ब्रेक मारतो, वळणाआधी मारत नाही. मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं आणि मग आत आलो.

घरी सोडायच्या आधी भिंगरीने आईला चाकाच्या खुर्चीतून आपल्या प्रयोगशाळेत नेलं. मीही गेलो. मेव्हणी म्हणाली, मी काय करू येऊन, आणि सगळ्यांच्या पुढे चालायला लागली. खोली लहान, खिडकीला जाळी, रंगाच्या बाटल्या, सिंकवर जांभळे डाग जे कुणालाच निघाले नव्हते. मधोमध दोन जणांना एकाच वेळी बघता येईल असा मायक्रोस्कोप. आईला एका बाजूला बसवून लेक दुसऱ्या बाजूला बसली.

"मला नुसते ठिपके दिसतायत," ही म्हणाली.

"थांब. बाण दिसतो? त्याच्या टोकाला बघ. आतला जांभळा भाग तुकड्यांनी जोडल्यासारखा आहे, तीन मणी ओवल्यासारखा."

"हां. दिसला."

"ती पक्की पेशी. वयात आलेली, जंतू खाणारी. आता त्याच पेशीत, मण्यांच्या बाजूला एक बारीक लालसर काडी आहे."

बराच वेळ गेला. "आहे. आहे! केसाएवढी."

"ती काडी निरोगी पेशीत कधीच नसते, आई. फक्त त्या आजारी पेशींत असते. पहिल्या दिवशी मी त्याच काड्या बघितल्या होत्या, मोळ्याच्या मोळ्या. म्हणजे ही पेशी त्यांच्यातलीच आहे. हिला कुणी मारलं नाही. ही मोठी झाली, आणि कामाला लागली."

आमच्या हिने डोळा काढला नाही.

"काडी तशीच पोटात घेऊन?"

"तशीच घेऊन."

"आणि काम करते? बाकीच्यांसारखं?"

"करते."

ही सरळ बसली. तिने लेकीकडे बघितलं. असं बघणं मी आमच्या सगळ्या संसारात दोनदाच बघितलंय, आणि आधीचं ती जन्मली तेव्हाचं. म्हणाली, "मला वाटायचं, तू नुसती बघतेस. बघणं म्हणजे एवढं असतं होय गं?"

मग मेव्हणी पुढे सरसावली. "सरक गं ताई, मला बघू दे." तिने डोळा लावला, नको ते स्क्रू फिरवले, सगळं धूसर केलं, आणि तरीही आपल्याला काडी दिसली असं जाहीर केलं. आता ती लोकांना सांगते की बहिणीचा रोग भाचीने एका नजरेत ओळखला, आणि सोमल द्यायची कल्पना आधीपासून आपल्याला पटलेली होती.

उपचार पुढे बरेच महिने चालले. काही आठवडे औषध, मग सुट्टी, मग पुन्हा औषध. डोकं दुखायचं, कातडी कोरडी पडायची. डेपोने तिला तोवर नव्या ड्रायव्हरांना शिकवायच्या कामाला बसवलं. ती फळ्यापुढे उभी राहून इतकी ओरडायची की मुख्य अधिकारी आपलं दार लावून घ्यायचे. हळूहळू दंड स्वच्छ झाले. आणि शेवटची जनुकांची तपासणी आली तेव्हा त्या चुकीच्या जोडीचा मागमूसही सापडला नाही. गाडी चालवायला योग्य, असा शेराही वैद्यकीय खात्याने दिला.

त्या दिवशी आम्ही तिघं बाहेर जेवायला जायचं ठरवलं होतं. प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसलो. भिंगरीने कोट काढला, पर्स खांद्याला लावली, तोच तंत्रज्ञ ट्रे घेऊन आला. म्हणाला, "मॅडम, एवढी एक बघता? वॉर्डात सगळे घाबरलेत." आमच्या बाकावरच एक तरुण बाई बसली होती, मांडीवर नवऱ्याची चप्पल पिशवीत घालून. तिने मान वर केली. स्लाइड तिच्या नवऱ्याची होती.

भिंगरीने आमच्याकडे बघितलं.

"जा," ही म्हणाली. "आम्ही कुठे पळून जातोय?"

तिने कोट पुन्हा चढवला. दाराला मधोमध काच होती, तिच्यातून लेकीची पाठ दिसत होती. ती बाई एकसारखी उठून त्या काचेशी जायची आणि परत येऊन बसायची. शेवटी आमच्या हिने तिच्या पाठीवर हात ठेवला. "बसा. आत बघतायत ना, त्या घाई करत नाहीत. चांगलं आहे ते."

बऱ्याच वेळाने दार उघडलं. भिंगरी रोग्यांच्या माणसांशी कधी बोलत नाही, ते तिचं कामच नाही. वॉर्डात फोन केला असता तरी भागलं असतं. पण ती थेट त्या बाईपुढे येऊन उभी राहिली.

"कॅन्सर नाही," ती म्हणाली. "पेशी वेड्यावाकड्या दिसतायत, म्हणून वॉर्डात घाबरले. पण त्या बिघडलेल्या नाहीत. अंगात मोठा संसर्ग आहे, त्याच्याशी लढायला घाईघाईने मोठ्या होतायत, एवढंच. ताप उतरला की सगळं जागच्या जागी येईल. मी वॉर्डात सांगते."

त्या बाईला उभंच राहता येईना. तिने लेकीचे दोन्ही हात धरले आणि सोडेचना. भिंगरी बिचारी अवघडून गेली, तिला या गोष्टीची सवय नाही. ती एकदा त्या हातांकडे बघायची, एकदा आमच्याकडे. मी उठणार होतो, पण हिने माझा सदरा धरून मला खाली बसवलं.

"राहू दे," ती हळूच म्हणाली. "धरू दे तिला."

तेवढ्यात तंत्रज्ञाने दारातून डोकं काढलं. आणखी दोन स्लाइड आल्या होत्या. भिंगरी आत वळली, आणि वळता वळता म्हणाली, "आई, तुम्ही जेवून घ्या, मला वेळ लागेल."

"बरं बरं," ही म्हणाली. आणि जागची हलली नाही. मीही नाही.